पाढे: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. पालकसभेत हजेरी आणि पोषण आहाराचं बोलून झालं की विषय हमखास पाढ्यांवर येतो. आई-बाबा विचारतात, आजी-आजोबा तर जास्तच पोटतिडकीने विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिली आहेत.

पाढा म्हणजे पाठ करायची यादीच ना?

नाही. पाढा म्हणजे एका संख्येच्या पटींची रांग. सात, सातची दुप्पट, सातची तिप्पट, असं पुढे पुढे. या रांगेतली प्रत्येक संख्या सातने पूर्ण भागली जाते, म्हणून पुढच्या इयत्तांत तिला सातची विभाज्य संख्या म्हणतात. ० सुद्धा त्यात येतो, कारण सात शून्य वेळा घेतले तर शून्यच होतं.

आपण दहावर थांबतो ती आपली सोय, रांग काही थांबत नाही. मी वर्गात विचारते, "८४ सातच्या पाढ्यात आहे का?" बहुतेक मुलं म्हणतात, "नाही बाई, तो सत्तरला संपतो." मग आम्ही सत्तरच्या पुढे सात-सात मोजत जातो: सत्त्याहत्तर, चौऱ्याऐंशी. मुलांचे डोळे मोठे होतात. हा क्षण मी कोणत्याही वर्गात चुकवत नाही, कारण इथे मुलाला कळतं की पाढा छापील पाटीवर संपत नाही, तो आपण वाढवू शकतो.

यातलाच एक बारकावा चौथीच्या मुलांना आवडतो. सारख्या अंतराने मोजलं म्हणजे पाढा झालाच असं नाही. नाशिकचा सिंहस्थ २००३ साली झाला, २०१५ साली झाला, पुढचा २०२७ चा. अंतर बारा-बारा वर्षांचं, पण यातलं एकही साल बाराच्या पाढ्यात नाही. प्रत्येकाला बाराने भागून पाहा, दर वेळी ११ उरतात. पाढा व्हायला मोजणी शून्यापासून निघावी लागते.

"दोन एके दोन" न म्हणता "बे एके बे" का?

"बे" हा दोनचाच जुना उच्चार. गुजरातीत आजही दोनला बे म्हणतात, आणि आपल्या बेचाळीसमध्ये तो लपलेला आहेच. "दुणे" म्हणजे दुप्पट, "त्रिक" म्हणजे तिघांचा गट, चोक आणि सक यांत चार नि सहा ऐकू येतात. कुठे "बे पंचे दहा" म्हणतात, कुठे "बे पाची दहा". तुमच्या घरी जे म्हणतात ते बरोबरच आहे, ते बदलू नका.

सुरुवात कधी आणि कोणत्या पाढ्याने करावी?

शंभरपर्यंतच्या संख्या ओळखता यायला लागल्या आणि दोन-दोन, पाच-पाच करून वस्तू मोजता आल्या की सुरुवात करावी. साधारण दुसरीचं वय. त्याआधी कानावर पडू द्यायला हरकत नाही, पण पाठ करून घ्यायची घाई नको.

अंकलिपीत पाढे दोन, तीन, चार अशा क्रमाने छापलेले असतात. शिकवायचा क्रम मात्र मी वेगळा ठेवते. आधी दहाचा, कारण तो दहाच्या नोटा मोजूनच येतो. मग पाचचा, भिंतीवरचं घड्याळ म्हणजे पाचचा पाढाच आहे, मोठा काटा चारवर असला की वीस मिनिटं. मग बेचा. बेची दुप्पट केली की चारचा, चारची दुप्पट केली की आठचा. तीनचा झाला की त्याची दुप्पट सहाचा. शेवटी नऊ आणि सात.

एकूण किती पाठ करावं लागतं? शंभर ओळी बघूनच मुलगी रडते.

तिला सांगा, शंभर नाहीत. हे उत्तर जरा मोठं आहे, पण मुलीला शेजारी बसवून वाचा.

दहापर्यंतच्या दहा पाढ्यांत शंभर ओळी दिसतात खऱ्या. पण "तीन चोक बारा" आणि "चार त्रिक बारा" ही गोष्ट एकच. अशा जोड्या एकदाच मोजल्या की उरतात बरोबर पंचावन्न. "पहिले पाढे पंचावन्न" ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण मुलांना मी सांगते, पाढे खरोखरच पंचावन्न आहेत!

आता या पंचावन्नांतून सोपे काढून टाकू. एकाच्या आणि दहाच्या सगळ्या ओळी काढल्या, उरल्या ३६. बे आणि पाचच्या काढल्या, २१. नऊसाठी बोटांची युक्ती पुढे सांगितली आहे, म्हणून नऊच्याही काढल्या, १५. स्वतःशीच गुणाकार, म्हणजे तीन त्रिक नऊ, सहा सक छत्तीस, हे मुलांना नादामुळे लवकर बसतात. तेही काढले. उरले दहा:

३×४=१२, ३×६=१८, ३×७=२१, ३×८=२४, ४×६=२४, ४×७=२८, ४×८=३२, ६×७=४२, ६×८=४८, ७×८=५६.

एवढेच. हे दहा एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून फ्रीजवर किंवा देवघराशेजारी लावा. रोज एक. जो पक्का झाला त्याच्यावर मुलीने स्वतः काट मारायची. शंभर ओळींचा तक्ता पाहून रडणारी मुलं या दहांच्या कागदापुढे शांत बसलेली मी पाहिली आहेत.

आधी समजलं पाहिजे की आधी पाठ झालं पाहिजे?

दोन्ही हातात हात घालून चालतं. पूर्वी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा व्हायची. घरातली सगळी मुलं ओळीने बसून पाढे म्हणायची. त्या तालाचा मला फार आदर आहे. ताल आठवण धरून ठेवतो, म्हणून सत्तरीतल्या आजीलाही सतराचा पाढा न अडखळता म्हणता येतो. पण नुसत्या तालावर वाढलेल्या मुलाला "चार डब्यांत सहा-सहा लाडू, तर किती?" असं विचारलं की ते विचारतं, "बाई, अधिक करू की गुणू?"

समज यायला ठिपक्यांच्या रांगोळीसारखं साधन नाही. सहा ठिपक्यांच्या चार ओळी काढा. आडवं मोजलं तर चार वेळा सहा, उभं मोजलं तर सहा वेळा चार. ठिपके तेच, चोवीस. मुलाला अंगणाच्या शेजारच्या बाजूला उभं करून बघायला सांगा, त्याला ओळी आणि उभ्या रांगा अदलाबदल झालेल्या दिसतील. अंड्यांचा तीसचा ट्रे म्हणजे पाच सक तीस. गोळ्यांचं पाकीट म्हणजे बे पंचे दहा. घरात अंगण नसेल तर चिंचोके आणि फरशी पुरतात. शाळेत आम्ही शंभर मण्यांची गणितमाळ वापरतो. तीवर सात-सात मण्यांनंतर चिमटा लावत गेलं की सातचा पाढा समोर लटकताना दिसतो.

रांगेत घडाघडा म्हणतो, पण मधलंच विचारलं की पहिल्यापासून सुरू करतो. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मुलाने पाढा गाण्यासारखा पाठ केला आहे. आपल्यालाही आरतीचं चौथं कडवं अचानक विचारलं तर पहिल्यापासूनच म्हणावं लागतं. तेव्हा यात मुलाची चूक नाही, ही फक्त पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी उलटा पाढा. सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न करत खाली यायचं. तो जमला की रांगेचा आधार निम्मा सुटतो.

तिसरी पायरी जवळच्या खांबाला धरायचं. प्रत्येक पाढ्यात दोन खांब पक्के करा: पाचवा आणि दहावा. "सात सक" विचारलं तर एकेपासून नको, "सात पंचे पस्तीस, अजून एक सात, बेचाळीस." "सात नवे" विचारलं तर "सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट." काही दिवसांनी खांबाचीही गरज उरत नाही, उत्तर आपोआप ओठांवर येतं.

चौथी पायरी माझी सगळ्यात आवडती: उत्तर सांगायचं आणि प्रश्न मागायचा. "बत्तीस कोणाच्या पाढ्यात?" चारच्या, आठच्या. "चोवीस?" इथे मुलांची धांदल उडते, कारण ते तीनच्या, चारच्या, सहाच्या आणि आठच्या पाढ्यात आहेत. "एकतीस?" कोणाच्याच नाही, एक आणि स्वतःचा सोडून. हा खेळ खेळलेल्या मुलांना पुढे भागाकार, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं, लसावि-मसावि परके वाटत नाहीत. एसटीने जाताना, भात शिजेपर्यंत, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत पाच प्रश्न होतात. त्यासाठी वेगळा तास काढू नका.

आणि उत्तराला वेळ द्या. तोंडातून शब्द यायच्या आत आपण उत्तर सांगून टाकतो, मग मूल विचार करणंच सोडतं.

नऊच्या पाढ्याची बोटांची युक्ती कोणती?

दोन्ही हात पसरून समोर धरा. नऊ चोक किती? डावीकडून चौथं बोट मिटा. त्याच्या डावीकडे तीन बोटं, उजवीकडे सहा. छत्तीस. नऊ साते? सातवं मिटा, सहा आणि तीन, त्रेसष्ट.

आता दोन्ही उत्तरं पाटीवर शेजारी लिहा: ३६, ६३. भांडलेल्या दोघांमध्ये छत्तीसचा आकडा आहे असं आपण म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. नऊच्याच पाढ्यात तीन ओळी पुढे तेच दोघे समोरासमोर येतात. १८ नि ८१, २७ नि ७२, ४५ नि ५४ यांच्याही अशाच जोड्या आहेत, आणि प्रत्येकातल्या अंकांची बेरीज नऊच. युक्ती का चालते हेही मोठ्या मुलांना सांगा: नऊ वाढवणं म्हणजे दहा वाढवून एक कमी करणं. म्हणून दशक एकाने चढतो आणि एकक एकाने उतरतो.

सातच्या पाढ्याला काहीच लय नाही का?

आहे, जरा लपलेली. उत्तरांचे फक्त एकक बघा: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. फोनवर नंबर लावायचे आकडे समोर धरा आणि डाव्या रांगेत खालून वर जा: ७, ४, १. मधली रांग: ८, ५, २. उजवी: ९, ६, ३. मग शून्य. दहाही अंक एकेकदा येऊन जातात. तीनच्या पाढ्यात हाच क्रम उलटा चालतो, पडताळून बघा. शिवाय आठवडे मोजणं म्हणजे सातचाच पाढा. दिनदर्शिकेत एका वाराच्या तारखा सात-सातने पुढे जातात.

पाढे दहा-दहा वेळा लिहायला द्यावेत का?

देऊ नका. सुरुवातीची काही वर्षं मीही देत होते, शिक्षा म्हणूनसुद्धा. एकदा मुलं लिहिताना जवळ जाऊन नीट पाहिलं. एका मुलीने आधी उभ्या रांगेत दहा वेळा १९ लिहिले, मग खाली खाली गुणिलेच्या खुणा, मग एक ते दहा, आणि उत्तरांच्या जागी आधी ९, ८, ७ असे एकक उतरत्या क्रमाने, मग त्यांच्या डावीकडे १, ३, ५, ७ असे दशक. पान पूर्ण झालं, अक्षर सुंदर, पण एकोणीस त्रिक किती हे तिला सांगता आलं नाही. तिने काही चूक केली नव्हती. मी दिलेलं काम पूर्ण करायचा शहाणा मार्ग तिने शोधला होता. त्या दिवसापासून पाढा ही शिक्षा म्हणून देणं मी बंद केलं. लिहायचाच असेल तर एकदाच, आठवून, आणि ओळी उलटसुलट क्रमाने.

उत्तर तोंडी बरोबर, पण लिहिताना चुकतं. असं का?

ही बरेचदा आकड्यांच्या नावांची अडचण असते, पाढ्याची नाही. मराठीत आपण "पंचवीस" म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना २ आधी लिहितो. छप्पन्न ऐकून ६५ लिहिणारं मूल ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असतं. "एकोण"चा गोंधळ वेगळाच. सात साते एकोणपन्नास म्हणून मूल ५९ लिहितं, कारण त्याला "पन्नास" ऐकू येतं. दिलासा एवढाच की दहापर्यंतच्या सगळ्या पाढ्यांत "एकोण" असलेलं उत्तर हे एकच आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच", "सत्तर दोन" अशी संख्यावाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेली नावं आणि लिहिण्या-बोलण्याचा उलटा क्रम यांमुळे लहान मुलं गणितापासून दुरावतात, ही त्यांची काळजी होती. कानडी आणि तेलुगूत आधी दशकच बोलतात. माझं मत विचाराल तर नेहमीची नावं यायलाच हवीत, कारण बाजारात आणि घरात तीच आहेत. पण अडखळणाऱ्या मुलाला "छप्पन्न म्हणजे पन्नास सहा" असं शेजारी बसून सांगण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि त्याचा उपयोग होतो हे मी रोज पाहते.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. आजी "बे दुणे चार" म्हणते, तो "टू टू जा फोर" म्हणतो. गोंधळ होईल का?

पाठ करायला एकच भाषा ठेवा, शक्यतो शाळेतली, कारण वर्गात तिच्यातच उत्तर द्यायचं आहे. समजून घ्यायला मात्र घरची भाषा वापरा: ठिपके, लाडू, चिंचोके मराठीतच मोजा. एकीतला पाढा पक्का झाल्यावर दुसरीतला आजीकडून गाणं म्हणून शिकला तर फायदाच आहे. परदेशातल्या घरांनाही मी हेच सांगते. मराठी पाढ्याची ओळ आखूड आणि ठसकेबाज असते, मुलांना ती म्हणायला आवडते.

अकरा ते तीसपर्यंतचे पाढे पाठ हवेतच का?

वीसपर्यंत आले तर फार सोय होते, तीसपर्यंतचा हट्ट मी धरत नाही. आजोबांच्या पिढीला ते लागत होते. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, सोळाचा पाढा आल्याशिवाय दुकानाचा हिशेबच होत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि ती गरज सरली. "सोळा साते बारोदरसे" असं आजोबांच्या तोंडून ऐकाल तर ते एकशेबाराच म्हणताहेत.

मोठे पाढे तोडून करायला शिकवा. तेरा साते म्हणजे दहा साते सत्तर आणि तीन साते एकवीस, एक्याण्णव. एकोणीस सक म्हणजे वीस सक एकशे वीस, त्यातून सहा गेले, एकशे चौदा. ही पळवाट नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत १३५ ला १२ ने गुणायचं उदाहरण आहे, आणि तिथे बाराचे आठ आणि चार असे तुकडे करून, तसंच तीन आणि चारने एकामागून एक गुणूनही उत्तर काढून दाखवलं आहे. तुमचं मूल बाराचे दहा आणि दोन करतं तेव्हा ते त्याच वाटेने जात असतं.

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना पाढे कशाला?

भागाकार करताना प्रत्येक पायरीला पाढा लागतो. तिथे थांबून यंत्र काढावं लागलं तर मूल मूळ उदाहरणच विसरतं.

पावकी, निमकी, दिडकी आता शिकवावी का?

पाठ करून घेऊ नका, पण ओळख जरूर करून द्या. पावकी पावची, निमकी अर्ध्याची, मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. भाजीबाजारात आजही हेच चालतं: साठ रुपये किलोची भेंडी पाऊण किलो घेतली तर पंचेचाळीस, चाळीसचे कांदे अडीच किलो घेतले तर शंभर. मुलाला सोबत न्या आणि पैसे त्यालाच द्यायला सांगा.

औटकीत मुलांना फार मजा येते: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. म्हणजे एक सोडून एक उत्तर सातच्या पाढ्यातलं. "औट घटकेचा राजा" म्हणजे किती वेळाचा हेही त्यांनाच काढू द्या. घटका चोवीस मिनिटांची. साडेतीन घटका म्हणजे बहात्तर आणि बारा, चौऱ्याऐंशी मिनिटं.

सगळं करून पाहिलं, तरी चौथीतही दहापर्यंतचे पाढे राहत नाहीत.

आधी पाहा, बेरीज-वजाबाकी आणि शंभरपर्यंतचं मोजणं पक्कं आहे का. बरेचदा अडचण तिथे असते, आणि तिथे महिनाभर थांबल्यावर पाढे पुढे सरकतात. तेही करून झालं आणि मूल संख्यांचा लहान-मोठेपणा, घड्याळ, पैसे या सगळ्यांतच गोंधळत असेल तर शिक्षकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. गणित शिकण्यात खरोखरीची अक्षमता असू शकते, तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. अशा मुलाला आळशी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तोवर पाढ्यांचा तक्ता जवळ ठेवून उदाहरणं सोडवू द्या.

मलाच पाढे येत नाहीत. मुलाला कसे शिकवू?

हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. सभा संपल्यावर, बाकीचे गेले की दाराशी थांबून हळूच विचारतात. बहुतेकदा आया असतात.

शिकवू नका, सोबत शिका. मुलाला सांगा, "मला सहाचा येत नाही, तू मला विचार." मूल मास्तर होतं आणि प्रश्न विचारायला त्याला स्वतःला उत्तर माहीत असावं लागतं. तुम्ही मुद्दाम चुकायची गरज नाही, खरंच अडखळा आणि बोटांवर, ठिपक्यांवर उत्तर शोधा. तो शोध मुलाला दिसू द्या. दहांचा तो कागद तुमच्यासाठीही एक लिहा, दुसऱ्या रंगाच्या पेनने, आणि मुलाच्या कागदाशेजारी लावा.